विंडोमधील रेखाटन बेभरवशाचे झाल्यास दोष कसा शोधावा: जावा स्विंगच्या आधारे

संगणक-आलेखन शिकताना बहुतेकांच्या हातून रेषा काढण्याचा, म्हणजे कोणते पिक्सेल रंगवायचे ते ठरवण्याचा, ब्रेझनहॅमचा अल्गोरिदम लिहून होतो. १९६२ मध्ये आयबीएममध्ये तयार झालेला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्गोरिदम इतका नेमका आहे, की कोडमध्ये चूक राहिली तर ती प्रत्येक वेळी सारखीच दिसते. म्हणूनच तोच कोड जावाच्या विंडोत घातल्यावर रेषा एकदा दिसते आणि पुढच्या वेळी दिसत नाही, किंवा विंडो मिनिमाइझ करून परत उघडली की पुसली जाते, असे होऊ लागले की लिहिणारा गोंधळून जातो. तो अल्गोरिदम पुन्हापुन्हा तपासतो आणि त्यात त्याला काहीच सापडत नाही. रेषा केव्हा काढली आणि कोणाच्या सांगण्यावरून काढली, इथे खरा दोष दडलेला असतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत शिकलेल्या अनेकांनी ही प्रात्यक्षिके टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या कंपायलरमध्ये केलेली आहेत. तिथे ‘इनिटग्राफ’ म्हटले की ६४० गुणिले ४८० पिक्सेल आणि १६ रंगांचा सगळा पडदा प्रोग्रॅमच्या ताब्यात येई. ‘पुटपिक्सेल’ने ठेवलेला ठिपका व्हिडिओ मेमरीत जाई आणि प्रोग्रॅमने तो पुसेपर्यंत तिथेच राही. विंडोंच्या व्यवस्थेत पडदा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. विंडो झाकली जाते, उघडी पडते, लहानमोठी होते, आणि अशा वेळी व्यवस्था प्रोग्रॅमला सांगते की अमुक भाग पुन्हा काढून दे. त्या क्षणी, मग तो कोणताही असो, प्रोग्रॅमला आपले संपूर्ण चित्र पुन्हा काढता आले पाहिजे. १९९६ मध्ये जावासोबत आलेले एडब्ल्यूटी आणि १९९८ च्या अखेरीस जावा १.२ सोबत आलेले स्विंग ही विंडो बनवण्याची जावाची दोन्ही साधने याच करारावर उभी आहेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक दोषांचे मूळ हा करार मोडण्यात आहे. उदाहरणे स्विंगची घेतली असली, तरी क्यूटी या विंडो बनवण्याच्या दुसऱ्या लायब्ररीत किंवा विंडोजच्या मूळ ग्राफिक्स लायब्ररीत काम करणाऱ्यांनाही त्यांतील बरीच ओळखीची वाटतील.

आधी दोष हुकमी घडवून आणावा

‘कधीकधी होते’ असा दोष दुरुस्त करता येत नाही. तो झाला आहे की गेला आहे हेच कळत नाही. म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी प्रोग्रॅम चालू करून ठरावीक कृती ठरावीक क्रमाने कराव्यात आणि प्रत्येकीनंतर काय दिसते ते कागदावर लिहून ठेवावे. विंडो मिनिमाइझ करून परत आणावी. तिची कड धरून ती हळूहळू मोठी आणि मग लहान करावी. चित्रावर येईल असा मेनू उघडून बंद करावा. विंडो अर्धी स्क्रीनबाहेर ओढून परत आत आणावी. दुसरा मॉनिटर असल्यास तिकडे नेऊन पाहावी. मिनिमाइझ केल्यावर चित्र संपूर्ण जात असेल तर ते कुठेही साठवलेले नाही. मेनू बंद केल्यावर फक्त मेनूखालचा तुकडा बिघडत असेल तर अंशतः पुन्हा काढण्यात गफलत आहे. आणि दुसऱ्या मॉनिटरवर नेल्यावरच बिघडत असेल तर स्क्रीनच्या मोजमापाच्या प्रमाणाकडे (स्केलिंगकडे) संशय वळवावा.

दुसरी विंडो वर आणून बाजूला करणे ही जुनी चाचणी मात्र आता पुरेशी राहिलेली नाही. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोचे चित्र वेगळे साठवून मग ते एकत्र रचण्याची पद्धत आली, त्यामुळे झाकली गेलेली विंडो उघडी पडताना प्रोग्रॅमला पुन्हा काढायला सांगण्याची गरज अनेकदा उरत नाही. दोष तसाच असतो, फक्त झाकलेला राहतो, आणि ‘माझ्या मशीनवर तर चालते’ या वाक्याचा उगम बऱ्याचदा इथे असतो.

याच टप्प्यावर प्रोग्रॅम डबल-क्लिकने सुरू करण्याऐवजी कमांड विंडोतून सुरू करावा. रेखाटनाच्या मेथडमध्ये एखादे एक्सेप्शन, म्हणजे चालताना उद्भवणारी चूक, आले तर स्विंगचा प्रोग्रॅम बंद पडत नाही. चित्र अर्धवट राहते, त्या चुकीचा तपशील सांगणारा मजकूर कन्सोलवर छापला जातो आणि प्रोग्रॅम जणू काही घडलेच नाही असा पुढे चालू राहतो. कन्सोलच समोर नसेल तर हा मजकूर कोणाच्याच नजरेस पडत नाही. केवळ या एका सवयीमुळे कित्येक तासांची शोधाशोध वाचते, म्हणून ती मी सर्वांत आधी सांगतो.

गेटग्राफिक्स: सर्वांत मोठा गुन्हेगार

कोडमध्ये ‘गेटग्राफिक्स’ हा शब्द शोधावा. बटण दाबल्यावर किंवा माउस हलवल्यावर पॅनेलकडून, म्हणजे विंडोतील चित्राच्या जागेकडून, ग्राफिक्स ऑब्जेक्ट मागून घ्यायचा आणि त्यावर लगेच रेषा काढायची, ही टर्बो सीमधून आलेली सवय आहे. ही रेषा दिसते खरी, परंतु ती कुठेही नोंदलेली नसते. स्विंगने तो भाग पुढच्या वेळी काढला की ती गेलीच. विंडो अजून तयार झालेली नसताना ही मेथड रिकामा संदर्भ परत करते आणि नल पॉइंटर एक्सेप्शन येते. विंडो नुकतीच ‘सेटव्हिजिबल’ करून पुढच्याच ओळीत रेखाटन केले, तर आपली रेषा आणि स्विंगचे पहिले रेखाटन यांच्यात शर्यत लागते. स्विंग आधी पोहोचले तर रेषा दिसते, नंतर पोहोचले तर ती पुसली जाते. ‘कधी दिसते, कधी दिसत नाही’ या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण ही शर्यत असते, आणि मध्ये अर्ध्या सेकंदाचा ‘स्लीप’ घालून ती मिटवण्याचा प्रयत्न केल्यास ती संथ मशीनवर पुन्हा उद्भवते.

यावरचा उपाय प्रोग्रॅमची रचना थोडी बदलतो. काय काढायचे आहे ते माहितीच्या रूपात साठवावे, म्हणजे रेषांची टोके, त्यांचे रंग, वर्तुळांच्या त्रिज्या हे सारे एका लिस्टमध्ये ठेवावे. जेपॅनेलवरून आपला क्लास घेऊन त्यात ‘पेंटकंपोनंट’ ही मेथड ओव्हरराइड करावी आणि तिने संपूर्ण लिस्ट वाचून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे चित्र काढावे. बटणाच्या किंवा माउसच्या कोडने फक्त लिस्टमध्ये भर घालावी आणि ‘रीपेंट’ला हाक मारावी, त्याने स्वतः एक पिक्सेलही रंगवू नये. एवढे केले की मिनिमाइझ करण्याची चाचणी आपोआप पार पडते.

लिस्ट फार मोठी होत असेल, उदाहरणार्थ हाताने रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये हजारो फटकारे साठत असतील, तर ते बफर्डइमेजवर, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतिमेवर, एकदाच काढून ठेवावेत आणि ‘पेंटकंपोनंट’मध्ये ती इमेज एका ओळीत उमटवावी. बफर्डइमेजवर काढताना ‘क्रिएटग्राफिक्स’ने मिळालेला ऑब्जेक्ट काम झाल्यावर ‘डिस्पोज’ करावा. विंडो मोठी झाल्यावर इमेज आपोआप मोठी होत नाही, हेही ध्यानात ठेवून नवी इमेज करून जुनी तिच्यावर उतरवण्याची सोय आधीच करावी.

‘पेंटकंपोनंट’ कितीही वेळा आणि केव्हाही बोलावली जाऊ शकते, त्यामुळे तिने माहिती वाचावी, बदलू नये. चेंडू पुढे सरकवण्यासाठी त्याचा स्थानांक तिथेच ५ ने वाढवला, तर विंडोची कड ओढताना चेंडू धावत सुटतो, कारण त्या काळात मेथड कितीतरी जास्त वेळा चालते. यादृच्छिक संख्या तिथे घेतल्या, तर मेनू उघडला तरी ठिपके जागा बदलतात.

रीपेंट ही विनंती आहे

‘रीपेंट’ला हाक मारली की त्याच क्षणी चित्र निघते असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती एक विनंती नोंदवते आणि लगेच परत येते. रेखाटन नंतर, इव्हेंट डिस्पॅच थ्रेड (क्लिकसारख्या घटना आणि रेखाटन दोन्ही एकामागून एक पार पाडणारा स्विंगचा धागा) मोकळा झाल्यावर होते, आणि तोवर साचलेल्या अनेक विनंत्या एकत्र करून एकदाच होते. म्हणून बटणाच्या कोडमध्ये १०० पायऱ्यांचा लूप लिहून प्रत्येक पायरीत स्थान बदलले, रीपेंट म्हटले आणि थोडे थांबले, तर हालचाल दिसत नाही. सगळा काळ विंडो गोठल्यासारखी राहते आणि शेवटी एकदम अखेरची स्थिती उमटते. बटणाचा कोड ज्या थ्रेडवर चालतो त्याच थ्रेडला चित्रही काढायचे असते, आणि आपण त्यालाच झोपवून ठेवलेले असते.

अशा ठिकाणी स्विंगचा टायमर वापरावा. १६ मिलिसेकंदांचा टायमर लावला तर सेकंदाला सुमारे ६० चित्रे निघतात, आणि दर ठोक्याला एक पायरी पुढे जाऊन रीपेंट मागता येते. टायमरचे ठोके घड्याळाच्या काट्यासारखे अचूक पडत नाहीत, तेव्हा वेग समान हवा असेल तर प्रत्येक ठोक्याला ठरावीक अंतर न सरकता ‘नॅनोटाइम’ने मागील ठोक्यापासून गेलेला काळ मोजून त्यानुसार सरकावे. लिनक्सवर हालचाल अडखळत असेल तर रेखाटनाच्या शेवटी टूलकिटच्या ‘सिंक’ला हाक मारून पाहावी, साचलेल्या आज्ञा त्यामुळे लगेच पुढे जातात.

काम खरोखर मोठे असेल, म्हणजे फाइल वाचणे किंवा जड गणित, तर ते स्विंगवर्करकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर काम चालवणाऱ्या क्लासकडे, सोपवावे. मात्र दुसऱ्या थ्रेडने स्विंगच्या घटकांना थेट स्पर्श करू नये. लेबल बदलायचे असो वा पॅनेल जोडायचे असो, ते ‘इन्व्होकलेटर’मधून इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर पाठवावे. प्रोग्रॅमची पहिली विंडो बनवण्याचे कामही याला अपवाद नाही, आणि ‘मेन’ मेथडमध्ये ते थेट लिहिण्याची पुस्तकी सवय सोडलेलीच बरी.

रीपेंट स्वतः कोणत्याही थ्रेडवरून मागता येते, पण त्यामागची लिस्ट सुरक्षित होत नाही, हा यातला सूक्ष्म भाग आहे. एक थ्रेड लिस्टमध्ये भर घालत असताना दुसरा ती वाचत असेल तर कधी कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येते आणि कधी काहीच न येता चित्र अर्धे निघते. लिस्टमधील बदल इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ते शक्य नसेल तर बदल पूर्ण झालेली नवी प्रत बनवून ती त्या थ्रेडकडे द्यावी.

कोरी विंडो, उरलेले ठसे, लुकलुक

विंडो उघडते पण कोरी राहते आणि कड ओढली की चित्र अचानक प्रकट होते, असे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. पॅनेल ‘सेटव्हिजिबल’नंतर जोडला असेल तर ‘रीव्हॅलिडेट’ आणि त्यामागोमाग ‘रीपेंट’ मागावे लागते. कड ओढल्याने मांडणी नव्याने होते, एवढाच त्या प्रकटीकरणाचा अर्थ. दुसरे म्हणजे पॅनेलला पसंतीचे आकारमानच दिलेले नसते. आत काहीही घटक नसलेल्या पॅनेलला मांडणी-व्यवस्थापक जवळजवळ शून्य जागा देऊ शकतो. ‘गेटप्रिफर्डसाइझ’ ओव्हरराइड करून, समजा, ६४० गुणिले ४८० परत करावे आणि फ्रेमवर, म्हणजे मुख्य विंडोवर, ‘पॅक’ म्हणावे.

जुन्या चित्राचे ठसे मागे राहत असतील तर ‘पेंटकंपोनंट’ची पहिली ओळ तपासावी. ‘सुपर’च्या पेंटकंपोनंटला हाक मारलेली नसेल तर पार्श्वभूमी पुसली जात नाही. कित्येक जण ही ओळ मुद्दाम काढतात, कारण तिच्यामुळे आधीच्या रेषा जातात आणि त्यांनी त्या कुठे साठवलेल्या नसतात. मग पॅनेलमध्ये शेजारच्या बटणाची किंवा बंद झालेल्या मेनूची भुतासारखी प्रतिमा दिसू लागते, कारण पडद्यामागचा बफर, म्हणजे चित्र पडद्यावर जाण्याआधी जिथे तयार होते ती मेमरी, सगळ्या घटकांनी मिळून वापरलेला असतो आणि त्यात आधी कोणी काय ठेवले ते आपल्या हाती नसते. ती ओळ परत घालावी आणि रेषा साठवाव्यात. आपला क्लास जेपॅनेलऐवजी थेट जेकंपोनंटवरून घेतला असेल तर ती ओळ असूनही पार्श्वभूमी भरली जात नाही. तिथे ‘फिलरेक्ट’ने आपणच ती भरावी.

वेगासाठी फक्त बदललेल्या आयताचेच रीपेंट मागणाऱ्यांना आणखी एक नाजूक चूक भेटते: हलत्या चौकोनामागे उजवीकडे आणि खाली एक पिक्सेल रुंदीची बारीक रेघ उरते. ‘ड्रॉरेक्ट’ला रुंदी १०० आणि उंची ५० दिली तर ती कडांसह १०१ गुणिले ५१ पिक्सेल व्यापते, ‘फिलरेक्ट’ मात्र नेमके १०० गुणिले ५०. रीपेंटचा आयत १०० गुणिले ५० चा मागितला की शेवटचा स्तंभ आणि शेवटची ओळ पुसायची राहून जाते. रेषेची जाडी ५ असेल तर ती दोन्ही बाजूंना अडीच पिक्सेल बाहेर जाते, आणि कडा गुळगुळीत करण्याची सोय चालू असेल तर आणखी थोडी. आयत सर्व बाजूंनी काही पिक्सेलांनी वाढवून मागावा, आणि जुनी जागा व नवी जागा या दोन्हींसाठी मागावा. चित्र साधे असेल तर संपूर्ण पॅनेलचेच रीपेंट मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या मशीनवर त्याने फरक पडत नाही आणि दोषांचे एक संपूर्ण कुळ टळते.

लुकलुक होत असेल तर ती बहुधा जुन्या एडब्ल्यूटीच्या कॅनव्हासमुळे किंवा थेट जेफ्रेमच्या ‘पेंट’मध्ये काढल्यामुळे असते. कॅनव्हासची ‘अपडेट’ मेथड आधी पार्श्वभूमी रंगवते आणि मग ‘पेंट’ला बोलावते, आणि हे दोन्ही टप्पे डोळ्यांना दिसतात. जेपॅनेलला दुहेरी बफर, म्हणजे चित्र आधी पडद्यामागे पूर्ण करून मग एकदम दाखवण्याची सोय, मुळातच मिळतो, तेव्हा चित्र तिकडे हलवावे. जेफ्रेमवर थेट काढण्यात आणखी एक तोटा असा, की तिथला शून्य बिंदू शीर्षकपट्टीसह धरलेल्या बाहेरच्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे चित्राचा वरचा भाग पट्टीखाली जातो.

प्रतिमा आणि प्रमाण

फाइलमधून आणलेली प्रतिमा पहिल्यांदा दिसत नाही आणि विंडोचा आकार बदलला की दिसते, याचे कारण टूलकिटच्या ‘गेटइमेज’मध्ये असते. ती प्रतिमा पार्श्वभूमीवर सावकाश वाचते, आणि ‘ड्रॉइमेज’च्या शेवटच्या जागी नल दिले असेल तर वाचन पुरे झाल्याचे पॅनेलला कोणी कळवत नाही. तिथे पॅनेलचा स्वतःचा संदर्भ द्यावा, किंवा सुरुवातीलाच ‘इमेजआयओ’ने प्रतिमा वाचून ठेवावी, ते वाचन पूर्ण झाल्यावरच पुढे जाते.

जावा ९ पासून विंडोज व लिनक्सवरही स्क्रीनच्या प्रमाणानुसार रेखाटन आपोआप मोठे होते. लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के प्रमाण लावलेले असते, त्यामुळे आपला एक पिक्सेल स्क्रीनच्या पूर्ण पिक्सेलांवर बसत नाही. बारीक रेघा कुठे जाड तर कुठे अंधुक दिसतात आणि बफर्डइमेज किंचित धूसर होते. जावा चालवताना ‘सन.जावा२डी.यूआयस्केल’ या गुणधर्माला १ ही किंमत देऊन पाहावी. तेवढ्याने दोष गेला तर कारण सापडले. मग कोडमध्ये ‘सेटट्रान्सफॉर्म’ शोधावे. स्विंगने दिलेल्या ग्राफिक्समध्ये प्रमाणाचे रूपांतरण आधीच बसवलेले असते आणि ‘सेटट्रान्सफॉर्म’ ते पुसून टाकते, म्हणून फिरवलेली आकृती अचानक लहान आणि भलत्याच जागी दिसते. ‘रोटेट’, ‘ट्रान्सलेट’, ‘स्केल’ या मेथडी आधीच्या रूपांतरणात भर घालतात, त्या वापराव्यात. रूपांतरण बदलण्यापूर्वी ग्राफिक्सची ‘क्रिएट’ने प्रत घ्यावी आणि काम संपताच ती डिस्पोज करावी, तसे न केल्यास आपण फिरवलेले अक्ष पॅनेलच्या किनारीवर आणि आतील घटकांवरही परिणाम करतात.

इतके करूनही सापडले नाही तर

‘पेंटकंपोनंट’च्या आरंभी चार गोष्टी कन्सोलवर छापाव्यात: हाक कितवी आहे, पॅनेलची रुंदी-उंची, ‘गेटक्लिपबाउंड्स’ने मिळालेला आयत आणि चालू थ्रेडचे नाव. रीपेंट मागूनही आकडा वाढत नसेल तर आपण भलत्याच पॅनेलला हाक मारत आहोत, किंवा तोच पॅनेल दोनदा बनवला गेला आहे. थ्रेडचे नाव ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ याहून वेगळे असेल तर ‘पेंटकंपोनंट’ला कोणीतरी थेट बोलावत आहे. रेखाटनाचा क्रम डोळ्यांनी पाहायचा असेल तर डीबगग्राफिक्स या स्विंगमधील तपासणीच्या सोयीचा ‘फ्लॅश’ पर्याय लावावा. प्रत्येक आकृती उमटताना ती क्षणभर लुकलुकते. त्यासाठी रीपेंटमॅनेजरमधून दुहेरी बफर तात्पुरता बंद करावा लागतो, नाहीतर काहीच लुकलुकताना दिसत नाही.

शेवटची चाचणी मला सर्वांत निर्णायक वाटते. पॅनेलच्याच आकाराची बफर्डइमेज बनवावी, इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर पॅनेलला ‘प्रिंटऑल’ने तिच्यावर काढायला लावावे आणि ती पीएनजी फाइल म्हणून साठवावी. फाइलमधील चित्रही चुकीचे असेल तर दोष आपल्या माहितीत किंवा रेखाटनाच्या कोडमध्ये आहे आणि पडद्याकडे पाहत बसण्यात अर्थ नाही. फाइल अचूक आणि पडदा चुकीचा असेल, तर आधी प्रमाण, मग थ्रेड, आणि ते दोन्ही निर्दोष ठरले तरच ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा. विंडोजवर ‘सन.जावा२डी.डी३डी’ला नकारार्थी किंमत देऊन डायरेक्ट३डीचा वापर बंद करता येतो, आणि लिनक्सवर ‘सन.जावा२डी.एक्सरेंडर’ तसाच बंद करता येतो. त्याने चित्र सुधारले तर ड्रायव्हर अद्ययावत करावा, आणि तोवर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलमध्ये तो गुणधर्म लिहून ठेवून त्याशेजारी जावाची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती आणि दोष दिसल्याची तारीख टिपून ठेवावी, म्हणजे पुढे ती ओळ केव्हा काढून टाकायची हे दुसऱ्या कोणालाही ठरवता येईल.